आणलं की वर

डोळे मीट बघू. पापणीच्या फटीतून बघायचं नाही, मला सगळं कळतं. मिटलेस? आता समज, तू तुझ्याच घरात आहेस आणि तुला दिवा लावायचाय. हात पुढे कर. बघ, कसा बरोबर बटणावर गेला! कुणी शिकवलं त्याला? कुणीच नाही. रोज जाऊन जाऊन त्याला वाट पाठ झाली. आता असं समज, की तू झोपेत असताना कुणीतरी ते बटण उचललं आणि दाराच्या पलीकडे नेऊन बसवलं. डोळे उघडलेस तर डोळ्यांना ते दिसेल. आईने सांगितलं तर डोक्यालाही कळेल. पण हाताला कोण सांगणार? तो आपला जुन्या भिंतीवर चाचपडणार, आणि तिथे नुसती भिंत लागली की तुझ्या छातीत धस्स होणार. उघड डोळे. मी ज्या आजोबांची गोष्ट सांगतोय त्यांच्या हाताचं असंच काहीसं झालं होतं. पण त्यांना ते ठाऊक नव्हतं. त्यांना वाटत होतं, आपलं डोकंच कामातून चाललंय.

दुपारची वेळ होती. आजोबांनी पाण्याची बाटली काढायला फ्रिज उघडला, हात आत घातला, आणि मनगटावर टपकन एक थेंब पडला. गार. त्यांनी हात बाहेर काढून उजेडात धरला. थेंब अगदी फिका गुलाबी होता. समोरच्या कप्प्यात काचेचं भांडं होतं, त्यात कलिंगडाच्या फोडी. मुलीने सकाळी कामावर जाण्याआधी नातीसाठी चिरून ठेवलेल्या. भांड्याचं झाकण बाजूला पडलेलं. कलिंगडाचं पाणी असेल, ते मनाशी म्हणाले, आणि मनगट सदऱ्याला पुसायला गेले. पण हात अर्ध्यावर थांबला. कलिंगड खाली होतं. पाणी वरून आलं होतं. पाणी काही शिडी लावून वर चढत नाही. त्यांनी मान वर केली. सगळ्यात वरच्या कप्प्यात कोंबडीवाल्याची पातळ पिशवी कुशीवर कलंडून पडली होती. तिच्या कोपऱ्याशी एक थेंब फुगत होता, फुगत होता, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सुटून खालच्या लाल फोडींत नाहीसा झाला. लालात गुलाबी. आधीचे किती पडले, कुठे पडले, काही कळायला मार्ग नव्हता.

पिशवी तिथे कुणी ठेवली? घरात या वेळी माणसं दोन. ते स्वतः आणि त्यांची नात. नात तर अजून इतकी बुटकी, की वरच्या कप्प्यापर्यंत तिचा हात पोचायला स्टूल लागतं. म्हणजे मीच ठेवली, आजोबा म्हणाले. पण ते वाक्य त्यांना दुसऱ्या कुणाचं तरी वाटलं. त्यांनी आठवून पाहिलं. शाळेच्या फाटकाशी नातीला घेतलं, ते आठवलं. कोंबडी सगळ्यात शेवटी घ्यायची, म्हणजे ती उन्हात फार वेळ राहत नाही, हा मुलीचा दंडक. म्हणून आधी साबण, मग पाव, आणि घराच्या अगदी तोंडाशी आल्यावर कोंबडीवाल्याचं दुकान, हेही आठवलं. त्या पांढऱ्या फरशा, कोंबडी तोडायचा तो ओंडका, नाक चिमटीत धरून उभी असलेली नात. कोंबडीवाला म्हणाला होता, "आजोबा, आता वाटेत गप्पांचा फड लावू नका. तडक घर गाठा." मग जिना. मग कुलूप. मग जोडे. मग फोन वाजला. आणि त्यानंतर कोरं. छापताना कागदाला घडी पडली, की पानाच्या मधोमध एक पांढरी पट्टी राहते. अलीकडे मजकूर, पलीकडे मजकूर, मधे काही नाही. तशी पट्टी. तिच्या पलीकडे एकदम हा थेंब.

आजोबा जन्मभर छापखान्यात जुळारी होते. तेव्हा अक्षरं शिशाची असत, त्यांना खिळे म्हणत. असंख्य घरं पाडलेल्या उथळ लाकडी पेटीत एकेका अक्षराचे खिळे एकेका घरात पडलेले असत, आणि जुळारी ते उचलून उचलून शब्द लावी, शब्दांच्या ओळी लावी. डोळा हस्तलिखितावर आणि हात पेटीत. पेटीकडे बघत बसला तो जुळारी कसला! आजोबांचा हात असा चाले, की बघणाऱ्याला वाटावं, कोंबडी दाणे टिपतेय. कोंबडीची उपमा आता आठवली आणि त्यांना कसंतरीच झालं. त्या हाताने उभ्या आयुष्यात चुकीच्या घरातला खिळा उचलला नाही, असं ते सांगत. उचलला नाही? एकदा उचलला होता. एकदा नाही, पानभर. पण ती गोष्ट निसटली. पिशवीतून पुन्हा थेंब पडला.

त्यांनी पिशवी उचलली. ती हातात लिबलिबली, आणि तळाची धार फ्रिजच्या काठावरून खाली फरशीवर आली. आता ही घेऊन जायचं कुठे? पाय आपसूक मोरीकडे, म्हणजे भांडी घासायच्या ओट्याकडे वळले. "चांगलं खळखळून धुवा हो," त्यांची बायको म्हणाली. बायको आता नव्हती. पण स्वयंपाकघरात ती अशी मधूनच बोले, आणि आजोबा ऐकत. ते नळाला हात घालणार, तोच मुलीचा आवाज आला. मुलगी लहान मुलांच्या दवाखान्यात परिचारिका होती, आणि ती घरी नसली तरी तिचे आवाज घरभर असत. "धुवायचं नाही, बाबा. किती वेळा सांगू? धुतलं की शिंतोडे उडतात, ओट्यावर, भांड्यांवर, पुसायच्या फडक्यावर. दिसत नाहीत, पण असतात. जंतू पाण्याने मरत नाहीत, चांगलं शिजवल्यावर मरतात." एक म्हणते धुवा, एक म्हणते धुवू नका. एक या जगात नाही, एक कामावर आहे. आणि मधे आजोबा, हातात गळती पिशवी घेऊन, धोब्याच्या कुत्र्यासारखे, ना घरचे ना घाटाचे.

"आजोबा, तुमच्या पायावर काय पडतंय?"

दारात नात उभी होती. तिचं शाळेतलं नाव मोठं आणि भारदस्त होतं, पण घरी तिला सगळे भिंगरी म्हणत. शाळेच्या दोन वेण्यांपैकी एक सुटलेली, तिची लाल फीत तिने मनगटाला गुंडाळलेली.

"काही नाही. कलिंगडाचं पाणी."

भिंगरीने पिशवीकडे पाहिलं. उघड्या फ्रिजकडे पाहिलं. "पण कलिंगड तर तिथे आहे."

"तू जा बघू. चित्र काढत होतीस ना?"

"संपलं. घोडा काढला. पण त्याला पाच पाय झाले." ती गेली नाही. आजोबांनी पिशवी तशीच घासलेल्या पातेल्यात ठेवली आणि वर झाकण ठेवलं. झाकणाला हात लागला. तोच हात मग नळाला लागला, मग साबणाला. हे सगळं आता पुन्हा धुवायला हवं, त्यांना वाटलं. नळ हाताने उघडला, म्हणजे नळ खराब. हात धुतले, पण नळ बंद करायला तोच नळ धरला, म्हणजे हात पुन्हा खराब. हे कुठे संपतं? मुलीला ठाऊक असेल. त्यांना मात्र वाटलं, की तो फिका गुलाबी रंग आता घरभर पसरलाय, दाराच्या कडीवर, फोनवर, भिंगरीच्या वेणीवर, आणि तो दिसत नाही म्हणूनच तो आहे.

मग त्यांना सुचलं. केव्हाच सुचायला हवं होतं ते.

"भिंगरे, तू कलिंगड खाल्लंस?"

"हो. थोडं."

"कधी?"

"मघाशी."

"मघाशी म्हणजे कधी?"

"मघाशी म्हणजे मघाशी!" भिंगरी हसली. "घोड्याच्या आधी."

आजोबांना घोड्याची वेळ ठाऊक नव्हती. पिशवी वर गेली त्याची वेळही ठाऊक नव्हती. दोन्ही गोष्टी त्या पांढऱ्या पट्टीत कुठेतरी होत्या, आणि त्यांतली कुठली आधी, कुठली नंतर, यावर सगळं अवलंबून होतं. थेंबाच्या आधी खाल्लं असेल तर काही नाही. थेंबानंतर खाल्लं असेल तर? मुलगी जेवताना कधीकधी सांगे. पोटात कळा येऊन आलेली मुलं, ओकून ओकून डोळे खोल गेलेली मुलं. "काय खाल्लं होतं विचारलं की आया म्हणतात, काहीच नाही हो, नुसती फळं." नुसती फळं. आजोबांनी भिंगरीच्या पोटाकडे पाहिलं, जणू बाहेरून काही दिसणार होतं. फ्रॉकच्या पट्ट्याखाली ते वर-खाली होत होतं, कुठल्याही पोटासारखं.

ही पहिली चूक असती, तर एवढं घाबरायचं कारण नव्हतं. पण आधी नळाचं झालं. आंघोळीच्या खोलीतला नळ रात्रंदिवस वाहत राहिला असता, शेजारणीने दार वाजवलं म्हणून बरं. मग किल्लीचं झालं. आजोबा जिना चढून आले, कुलपाला किल्ली लावली, ती फिरेना. म्हणून खटपट केली, शिव्या घातल्या, आणि दार आतून उघडून एका अनोळखी बाईने विचारलं, "कोण पाहिजे?" ते एक मजला खाली उभे होते. त्यांचं जुनं घर त्याच मजल्यावर होतं, पण दुसऱ्या इमारतीत, शहराच्या दुसऱ्या टोकाला. त्या दिवशी मुलगी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने आमटीच्या भांड्यात डाव फिरवत फिरवत, पाठमोरीच सांगितलं, "बाबा, तुमच्यावर माझा राग नाही. पण आता आणखी एकदा असं काही झालं, तर भिंगरीला मी दुपारची तुमच्याजवळ नाही ठेवू शकणार. शाळेशेजारी ते मुलं सांभाळणारे आहेत, तिथे नाव घालते." आजोबा म्हणाले, "घाल की." दुसरं काय म्हणणार? मग त्यांनी पोळीचा तुकडा मोडला आणि तो ताटातच राहिला. दुपारी भिंगरी नसेल तर या घरात आपण काय करायचं, हे त्यांना त्या दिवसापासून सुचत नव्हतं. बायको गेल्यावर जुनं घर सोडून ते इथे आले. इथल्या सगळ्या वस्तू मुलीच्या, त्यांच्या जागा मुलीने लावलेल्या. त्यांच्या मालकीच्या म्हणून फक्त दुपारी होत्या.

"मला अजून दे ना," भिंगरी म्हणाली. तिने खणातून काटा काढला होता आणि ती फ्रिजसमोर टाचा उंचावून उभी होती. काट्याला एक फोड टोचलेली. लालभडक, गार, वर मीठ पेरल्यासारखे पाण्याचे बारीक मणी. कलिंगडाचे की कशाचे?

नको म्हणालो तर का म्हणून विचारेल. का ते सांगितलं तर संध्याकाळी आईला सांगेल. थंड आहे म्हणू? संपव ते जेवण झाल्यावर म्हणू? कदाचित त्या फोडीवर थेंब पडलाच नसेल. कदाचित... काटा वर गेला. भिंगरीने आ केला.

"टाक ते!"

आवाज इतका मोठा निघाला, की आजोबाच दचकले. त्यांनी काट्यावर फटका मारला होता. फोड फ्रिजच्या दारावर आपटून खाली घरंगळली, काटा कोपऱ्यात जाऊन खणखणला. भिंगरीचा आ तसाच राहिला. मग तो हळूहळू आकसला, खालचा ओठ बाहेर आला, डोळे भरले, पण ती रडली नाही. आजोबांनी तिच्यावर आजवर कधीच हात उगारला नव्हता, म्हणून रडायचं की नाही हेच तिला ठरवता येत नव्हतं.

"माझं काय चुकलं?" तिने विचारलं.

आणि आजोबांनी खाली बसकण मारली, तिथेच फरशीवर, त्या गुलाबी डागाशेजारी. "तुझं काही नाही, बाळा. माझं चुकलं." मग त्यांनी सगळं सांगितलं. मुलांना सांगायचं तर पुरतं सांगावं, अर्धवट सांगितलेलं त्यांना जास्त भिववतं. कच्च्या कोंबडीच्या पाण्यात जंतू असतात. ती शिजवली की ते मरतात, पण कलिंगड आपण शिजवत नाही, तसंच खातो. म्हणून कच्चं नेहमी सगळ्यात खाली, आणि नुसत्या पिशवीत नाही, खोलगट डब्यात, झाकण घट्ट लावून, म्हणजे गळलं तरी डब्यात गळतं, कुणाच्या डोक्यावर नाही. आज आणलं तर उद्या, फार तर परवा शिजवायचं, नाहीतर बर्फात टाकायचं. "आणि मी ते वर ठेवलं. का ठेवलं ते मला ठाऊक नाही. आठवतच नाही बघ."

"मला आठवतंय," भिंगरी म्हणाली.

आजोबांनी मान वर केली.

"तुम्ही आईशी फोनवर बोलत होतात. मी कलिंगड खात होते. आई म्हणाली असेल, चिकन नीट ठेवलंत का, तर तुम्ही म्हणालात, 'ठेवलं, ठेवलं.' आणि पिशवी तुमच्या हातातच! मला इतकं हसू आलं. मला वाटलं, तुम्ही आईची गंमत करताय. मग मी आत गेले आणि घोडा काढला."

"पिशवी हातात होती? तू खात होतीस तेव्हा?"

"अशी." भिंगरीने हात लांब करून कोपरापाशी झुलवून दाखवला. "आणि फोन ठेवल्यावर तुम्ही फ्रिज उघडलात आणि म्हणालात..."

"काय म्हणालो?"

"'आणलं की वर.' असं गाणं म्हटल्यासारखं."

फ्रिजचं दार उघडंच होतं आणि त्याचा गार वारा आजोबांच्या मानेवर येत होता. आणलं की वर. हे त्यांचं वाक्य नव्हतं. जुन्या घरातला तो जुना, गोलसर खांद्यांचा फ्रिज, दार आपटल्याशिवाय न लागणारा. त्याच्यात बर्फाचा खण सगळ्यात वर होता, छोटं पत्र्याचं दार असलेला. मटण असो, मासळी असो, कोंबडी असो, दारातून आत पाऊल टाकलं की बायको ओल्या हाताने वर बोट करी. "अहो, आणलं की वर!" आणि ते ठेवत. तिथे ठेवलेलं गोठून दगड होई, दगड गळत नाही. ती बरोबरच म्हणत होती. तिच्या फ्रिजमध्ये वर म्हणजे बर्फ. मुलीच्या या उंच फ्रिजमध्ये बर्फाचा खण तळाशी, वेगळ्या दाराआड, आणि वर नुसता गारवा. बायकोचं बोलणं तेच होतं, भोवतीचं घर बदललं होतं. त्यांच्या हाताने तिचं ऐकलं, एवढंच. त्यांना क्षणभर बरं वाटलं, आणि लगेच वाटलं, बरं का वाटावं? एवढी वर्षं सोबत केलेल्या बाईचं ऐकलं म्हणून नात आजारी पडली असती. आता हाताला हे विसरायला शिकवायचं? विसरलं, तर ते वाक्य पुन्हा कोण म्हणणार? आणि हे खरं तरी आहे का, की हातच चुकला, डोकं नाही? चुकणारं डोकंच स्वतःची अशी समजूत घालत असेल. ते त्या किल्लीचं? तिथे पाय जुन्या मजल्यावर थांबले होते. मग नळाचं काय? नळाचं काहीच जुळेना. काही ओळी जुळतात, काही नाही.

"मग मी आधीच खाल्लं ना?" भिंगरी म्हणाली. "म्हणजे मला काही होणार नाही."

"नाही होणार." त्यांनी तिचा हात हातात घ्यायला हात पुढे केला, आणि आठवण होऊन मागे घेतला. आधी उठून साबणाने हात धुतले. बोटांच्या बेचक्यांतून, नखांतून. मग नळही साबणाने चोळून काढला.

"मग आईला सांगायचं नाही," भिंगरी कुजबुजली. कुजबुजायचं कारण नव्हतं, घरात तिसरं कुणी नव्हतं. "कलिंगड आपण फेकून देऊ. मी म्हणेन, मीच संपवलं. आई खूश होईल. नाहीतर ती मला त्या सांभाळणाऱ्यांकडे पाठवेल. तिथल्या बाईंच्या स्वेटरला कापराचा वास येतो. मी नाही जाणार."

म्हणजे तिला ठाऊक होतं. मोठी माणसं पाठमोरी बोलतात, तेव्हा त्यांना वाटतं मुलं ऐकत नाहीत. आजोबांनी कलिंगडाचं भांडं कचऱ्यात उपडं केलं, अगदी सगळं, चांगल्या दिसणाऱ्या फोडींसकट. साबणाच्या गरम पाण्याने कप्पे पुसले, वरून खाली. फरशी पुसली. पातेल्याचं झाकण नीट लावून ते सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवलं. पुसायचं फडकंही टाकून दिलं. आता फ्रिज असा दिसत होता, की काही घडलंच नाही. आजोबा त्याच्याकडे बघत राहिले. किती सोपं होतं! न दिसणाऱ्या शिंतोड्यांची त्यांना आठवण झाली. मुलगी दवाखान्यात बसून समजते आहे, की बाबांनी फोनवर "ठेवलं" म्हटलं म्हणजे ठेवलं. उद्या ती पुन्हा विचारेल, आपण पुन्हा म्हणू, आणि भिंगरी शेजारी उभी राहून हसेल. आपल्या या दुपारी वाचतील. पण कसल्या दुपारी? आणि तरीही त्यांना त्या हव्या होत्या. त्यांनी फोन उचलला आणि मुलीला लावला.

मुलीने सगळं ऐकून घेतलं. मग भराभर विचारलं. केव्हा खाल्लं, पोट दुखतंय का, कलिंगड टाकलं का, सगळं पुसलं का, कोंबडी गारच होती ना, मग ती चालेल, मी आल्यावर शिजवते. परिचारिकेचा आवाज. आजोबांनी एकेका प्रश्नाला उत्तर दिलं. मग प्रश्न संपले. मागे कुणाचं तरी बाळ रडत होतं.

"बाबा, तुम्ही मला 'ठेवलं' म्हणाला होतात."

"हो. पिशवी हातात होती. तुला खोटं सांगावं असं काही... ठेवणारच होतो, म्हणून झालंच असं वाटलं असेल."

मग म्हणाली, "मी येते. मग बोलू."

मग बोलू. या दोन शब्दांत काय नसतं! आजोबा स्टुलावर बसले. भिंगरी त्यांच्या गुडघ्याला टेकून उभी राहिली. तिने विचारलं, "आता?" आणि ते मघाशी निसटलेली गोष्ट सांगू लागले, पानभर चुकल्याची. छापखाना नव्या जागेत गेला, नव्या पेट्या आल्या, आणि त्यांतली घरं कुणीतरी वेगळ्या रीतीने लावलेली. डोळ्यांनी ते पाहिलं, डोक्याने मान डोलावली, पण हात जुन्या घरांतूनच दाणे टिपत राहिला. पान छापून निघालं ते नुसतं कडबोळं. ना शेंडा ना बुडखा. सगळे पोट धरधरून हसले. आजोबा तेव्हा तरणेताठे, त्यांना वाटलं, आता नोकरी गेली.

"मग? गेली?"

"नाही. आमचे मास्तर होते, छापखान्याचे मुख्य. ते म्हणाले, तुझे डोळे शिकले, पण तुझा हात अजून जुन्याच जागेत कामाला जातो. त्याला इकडे घेऊन ये. त्यांनी शाई पुसायचं फडकं माझ्या डोळ्यांवर बांधलं. त्याला रॉकेलचा असा वास, डोळ्यांतून पाणी काढणारा! आणि मला पेटीसमोर उभं केलं. म्हणाले, आता उचल. चुकलं, परत. चुकलं, परत."

"किती वेळा?"

"कोण मोजतंय! ते कंटाळले नाहीत, एवढं आठवतं."

भिंगरीने थोडा विचार केला. मग ती बटाट्यांच्या टोपलीकडे गेली. रिकामा, खोलगट, झाकणाचा डबा घेऊन तिने त्यात बटाटे भरले, हातावर तोलून पाहिले, आणखी एक टाकला आणि झाकण लावलं. मनगटाची लाल फीत सोडली. "खाली वाका," ती म्हणाली. आजोबा वाकले. फीत अरुंद होती, डोळे पुरते झाकेनात, म्हणून तिने तिला दोन वेढे दिले. फितीला तिच्या केसांच्या तेलाचा वास होता. मग तिने त्यांना खांद्याला धरून गोल फिरवलं, फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि हातात डबा आला.

"चिकन आणलंय," भिंगरी म्हणाली. "ठेवा."

आजोबांच्या चेहऱ्यावर गारवा आला. काळोखात जुनं घर उभं राहिलं. ओला हात, वर केलेलं बोट. त्यांचा हात वर निघाला. तो आपोआप निघाला, आणि या वेळी तो निघाल्याचं त्यांना समजलं. तो खांद्यापर्यंत गेला. अहो, ती म्हणाली. हो, ते मनात म्हणाले, तिथे वर. इथे नाही. हात थांबला. तो खाली यायला तयार नव्हता, हट्टी मुलासारखा अधांतरी राहिला. बाहेर कुलपात किल्ली फिरली. दार उघडलं, पावलं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आली आणि थबकली. नेहमी पिशवी खुंटीला अडकवल्याचा आवाज येई, तो आला नाही. आजोबांना वाटलं, फीत काढावी. मग वाटलं, आता काढली तर हात कधीच शिकणार नाही. त्यांनी गुडघे वाकवले. डब्याची कड एका कप्प्याला लागली, मग दुसऱ्या. पाय मागे सरकला, तिथे स्टूल असणार होतं, पण कुणीतरी ते हलकेच उचलून बाजूला ठेवलं होतं. तळाचा कप्पा लागला. त्यांनी त्यावर डबा टेकवला आणि हात काढून घेतला.

"बरोबर?" त्यांनी काळोखात विचारलं.

भिंगरीने दारातल्या आईकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मग ती वाकली, तळाच्या कप्प्यातून डबा बाहेर ओढला, दोन्ही हातांनी उचलून आजोबांच्या हातात दिला, आणि म्हणाली, "परत."